आतली पट्टी

धाकटा : ...म्हणून खाली सगळ्यांसमोर बोललो नाही, वर बोलावलं. नीट ऐक. हॉस्पिटलमधून फोन होता. थिएटरच्या मोठ्या सिस्टरचा.

थोरली : चादरी कमी पडल्या?

धाकटा : चादरी कमी पडल्या असत्या तर मी हात जोडले असते. तिनं ऑपरेशनच्या गाऊनचा एक गठ्ठा उघडला. वाफ लागली की काळी पडते ती पट्टी, बाहेरची काळी. आतली पांढरी.

थोरली : आतली पांढरी?

धाकटा : कोऱ्या कागदासारखी, म्हणाली. म्हणजे वाफ वरवर लागली, गठ्ठ्याच्या पोटात गेलीच नाही. आपल्या लाँड्रीतून निर्जंतुक म्हणून गेलेला गठ्ठा, आणि आत नुसते धुतलेले गाऊन. तिची नजर गेली म्हणून, ताई. नाहीतर डॉक्टरांच्या अंगावर चढले असते.

थोरली : कुठल्या फळीवरचा होता?

धाकटा : तेच तर कळत नाही. सकाळी वाफेच्या पेटीतून तीन घाणे निघाले, चोवीस गठ्ठ्यांचा एक. पहिला त्यांच्याकडे वरच्या फळीवर, दुसरा मधल्या, तिसरा खालच्या. आणि हा गठ्ठा होता टेबलावर. कुणी कुठून काढला, तिथं कुणालाच आठवत नाही. तीन वाजता थिएटर सुरू. नऊ ऑपरेशनं, त्यातलं एक चार वर्षांचं पोर. एकच घाणा बाद केला तर त्यांचं भागतं. तिन्ही बाद केले तर नऊच्या नऊ रद्द. आत्ता सव्वा वाजलाय.

थोरली : मधली फळी थांबवायला सांग.

धाकटा : काय?

थोरली : मधली. दुसरा घाणा. कर फोन.

धाकटा : कशावरून?

थोरली : मी सांगते म्हणून.

धाकटा : हे तुझं नेहमीचं. मी काय सांगू सिस्टरला? आमची ताई म्हणते? ती विचारणार, पेटीच्या दाबाचा काटा कुणी बघितला. तिला माणूस हवाय. नाव हवंय. लेखी.

थोरली : प्रत्येक फळीवरचा एकेक गठ्ठा उघडून बघू दे तिला.

धाकटा : विचारलं. फसलेल्या घाण्यात चार पट्ट्या पांढऱ्या निघतात, दोन काळ्या. एक काळी निघाली म्हणून अख्खी फळी चांगली धरता येत नाही. आणि उघडलेला गठ्ठा बाद. ती म्हणाली, टेबलावर पेशंट झोपवून मी पट्ट्यांची सोडत काढत बसू का? खरं आहे तिचं.

थोरली : आपले दोरे असते तर कळलं असतं.

धाकटा : दोरे?

थोरली : पहिल्या घाण्याला लाल, दुसऱ्याला निळा, तिसऱ्याला हिरवा. बांधतानाच ओळख. तू येऊन बंद केलेस. सगळे गठ्ठे एकसारखे दिसले पाहिजेत म्हणालास. आता दिसतायत.

धाकटा : बरं. ते माझ्या खात्यावर मांड. नंतर भांडू. आत्ता मला पेटीवर कोण होतं ते हवंय. हे रजिस्टर बघ. तीन ओळी. वीस मिनिटं, पूर्ण दाब. वीस मिनिटं, पूर्ण दाब. वीस मिनिटं, पूर्ण दाब. पुढे पेटीवालीची सही. आणि सह्या सकाळीच ओळीनं मारून ठेवता हे मला माहीत नाही असं समजू नका.

थोरली : तिला मध्ये आणू नकोस.

धाकटा : का? तिच्या नावावर दोन शेरे आहेत म्हणून?

थोरली : दोन्ही उशिराचे. सात मिनिटं आणि अकरा मिनिटं.

धाकटा : पाठ आहेत तुला.

थोरली : मला तिच्या सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळाही पाठ आहेत. तुला फक्त मिनिटं माहीत.

धाकटा : हेच. नेमकं हेच मला तुझ्याशी तीन महिन्यांपासून बोलायचंय. याला नाव आहे, ठाऊक आहे? सेवक नेतृत्व. आधीच्या कंपनीत दोन तासांचं प्रशिक्षण होतं त्यावर. जो सगळ्यांच्या आधी राबतो, सगळ्यांचं ऐकतो, स्वतः मागे राहून माणसं मोठी करतो, तो पुढारी.

थोरली : दोन तास? मी एकोणीस वर्षं उभी आहे. प्रमाणपत्र देतात का?

धाकटा : थट्टा नको. ते ऐकताना मला तूच दिसत होतीस, खरं सांगतो. शेजारच्याला म्हटलंही, हे आमच्या घरात आहे. इथं येऊन बघितलं तर काय? माणसं मोठी झालीच नाहीत. रोलर अडकला, ताई. साबण संपला, ताई. कुणाचं कुणाशी वाजलं, ताई. तुला ताप आला त्या दोन दिवसांत इथं कुणाला धड बटण दाबता येईना. तू त्यांची सेवा नाही केलीस, त्यांना पांगळं केलंस.

थोरली : आणि आपल्या अप्पांनी लाँड्री चालवताना काय केलं होतं? सकाळी गेटापासून ओरडत यायचे. बायका टॉवेलात तोंड घालून रडायच्या. तुला आठवणार नाही, तू शाळेत. अप्पा ओरडायचे तेव्हा कामं व्हायची आणि माणसं जायची. दर महिन्याला नवी माणसं. मी ओरडले नाही, तर माणसं टिकली. गठ्ठेवाली मावशी चौदा वर्षं आहे. धुलाईवाला अकरा.

धाकटा : आणि चुका किती टिकल्या? तू प्रत्येकीची चूक स्वतः निस्तरायचीस आणि वर कळू द्यायची नाहीस. मी आलो, नियम लावले, वेळा लावल्या. गाड्या वेळेवर सुटायला लागल्या की नाही? खोटं सांगू नकोस.

थोरली : लागल्या.

धाकटा : खाली भिंतीवरच्या फळ्यावर बघ. ब्याऐंशी दिवस. चुका शून्य.

थोरली : तो फळा बघून सगळ्या हसतात.

धाकटा : का?

थोरली : ब्याऐंशी दिवस आणि एक चादर फाटली नाही? एक गाऊन डागाचा गेला नाही? तू हिशेबाचा माणूस, तुला कधी प्रश्न पडला नाही? चुका आहेत तितक्याच आहेत. सांगणारं कुणी उरलं नाही.

धाकटा : लपवणाऱ्यासाठी नियम आहे. चूक केली तर शेरा, तीन शेरे झाले की बाहेर, लपवली तर त्याच दिवशी बाहेर. मी त्यावर सही केलीय, सगळ्यांनी केलीय, तूही केलीस.

थोरली : केली.

धाकटा : मग आता मला नाव दे.

थोरली : आधी मधली फळी थांबव. नाव कुठे पळून जात नाही.

धाकटा : तू चुकत असलीस तर? मधली बाद केली, आणि फसलेला घाणा वरच्या फळीवर निघाला तर? ते पोर कुणाच्या शब्दावर टेबलावर घ्यायचं? ज्यानं काटा बघितला त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी फोन करणार नाही. खाली निरोप देतो, पेटीवालीला वर पाठवा म्हणून.

थोरली : थांब. जरा थांब.

धाकटा : कशाला? दीड वाजत आला, ताई. आणि हे बघ, बोलावायच्या आधीच कोणी येतंय. या. तुम्ही का, मावशी? मला पेटीवाली हवीय.

मावशी : तिला कशाला त्रास, साहेब. मी आलेय ना.

धाकटा : कशासाठी?

मावशी : सिस्टरबाईंचा फोन आधी खालीच लागला होता. त्यांचा आवाज काय, अख्ख्या मजल्यानं ऐकला. रोलरच्या आवाजात ऐकू आला म्हणजे बघा. तर ते माझ्याच हातून झालंय.

थोरली : मावशी, तुम्ही खाली जा.

मावशी : जाते, सांगून जाते. पेटीवालीच्या घरून निरोप आला, सासरे न्हाणीघरात पडले. रडायलाच लागली ती. साहेबांना विचारावं तर तिसरा शेरा. मी म्हटलं जा गं, मी बघते पेटी. आणि माझ्याकडून राहिलं काहीतरी. म्हातारे डोळे.

धाकटा : तुम्ही चौदा वर्षं गठ्ठे बांधताय. पेटी कधी चालवलीत?

मावशी : रोज बघते की, समोरच असते.

धाकटा : कुठला घाणा?

मावशी : हे काय... शेवटचा.

धाकटा : तिसरा? नक्की?

मावशी : शेवटचाच. हवं तर शपथ घेते.

धाकटा : म्हणजे खालची फळी. ताई म्हणते मधली.

मावशी : ताई खाली कुठे होत्या तेव्हा. त्यांना काय माहीत? मी सांगते ना, खालची. फोन करा आणि मला काय शिक्षा द्यायची ती द्या. माझी नाहीतरी दोनच वर्षं राहिलीत.

थोरली : फोन खाली ठेव.

धाकटा : आता का? तुला नाव द्यायचं नव्हतं, त्यांनी स्वतःचं दिलं.

थोरली : फोन खाली ठेव म्हणते ना. मावशी, तिसराच का म्हणालात?

मावशी : तिसराच होता म्हणून.

थोरली : माझ्याकडे बघून सांगा.

मावशी : ...शेवटची गाडी उशिरा पोचली असेल. ते गठ्ठे कुणी अजून हातात घेतले नसतील, असं वाटलं. थोडक्यात निभेल.

थोरली : आणि मधल्या फळीवरचे उरलेले तेवीस गठ्ठे चांगले म्हणून वापरले गेले असते. तीन वाजता. त्या पोराच्या पोटावर.

मावशी : अगं बाई.

धाकटा : म्हणजे पेटीवर तुम्ही नव्हतात.

थोरली : नव्हत्या. मी होते.

धाकटा : काय?

थोरली : पेटीवालीला मीच पाठवलं घरी. दहाला पाच कमी होते. पहिला घाणा तिनं काढला, तो चांगला आहे, काटा मी येता जाता बघितला होता. दुसरा मी लावला. गठ्ठे नेहमीपेक्षा दाटीनं बसले, ते एक. बाराव्या मिनिटाला काटा खाली आला. बॉयलरचं पाणी कमी झालं होतं. पाणी सोडलं, काटा चढला.

धाकटा : आणि मिनिटं?

थोरली : तिथून पुढे आठ मोजली.

धाकटा : आठ? काटा पडला की पहिल्यापासून वीस मोजायची. हे इथं सगळ्यांना कुणी शिकवलं?

थोरली : मी.

धाकटा : भिंतीवर कुणी लिहून लावलंय?

थोरली : अक्षर माझंच आहे. वाचता येतं मला.

धाकटा : मग का, ताई?

थोरली : गाडीवाला दारात येऊन उभा होता. पुन्हा वीस मोजली असती तर गाडी आणखी बारा मिनिटं उशिरा. उशीर झाला की तू खाली येणार. खाली आलास की विचारणार, पेटीवाली कुठाय. बारा अधिक आठ वीस होतात, असं मी मला सांगितलं. रजिस्टरात वीस लिहिलं. तिसऱ्या घाण्याला मात्र पूर्ण वीस दिली, पाणी आधी बघून. तो खणखणीत आहे. आता कर फोन. काटा बघणारं माणूस हवं होतं ना सिस्टरला? माझ्याकडे दे, मीच बोलते.

(त्यानं नंबर लावला आणि फोन बहिणीच्या हातात दिला. ती उभ्यानंच बोलली, किती गठ्ठे, किती मिनिटं, काटा कुठवर पडला, सगळं, एक शब्द इकडे तिकडे न करता. मग तिघंही त्या फोनकडे बघत बसली. सतरा मिनिटांनी तो वाजला, तेव्हा मावशींनी आधी पदर सावरला, जणू सिस्टर दारातूनच आत येणार होती.)

धाकटा : काय म्हणाल्या?

थोरली : मधल्या फळीवरचे चार उघडले. तीन पांढरे. वरचे दोन आणि खालचे दोन, चारही काळे. मधली फळी अख्खी बाहेर काढली. ऑपरेशनं ठरल्याप्रमाणे. पाच वाजेपर्यंत लेखी हवंय.

मावशी : सुटलो म्हणायचं.

थोरली : तुम्ही सुटलात, मावशी. पेटीवालीच्या घरी फोन करून सासऱ्यांचं विचारा जरा. आणि यापुढे माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही.

मावशी : तुम्ही आमच्यासाठी किती वेळा बोललात ते मोजू का?

थोरली : जा आता.

धाकटा : मावशी, दार लोटून घ्या. ...तू मला सांगू शकली असतीस.

थोरली : तुला?

धाकटा : मी तुझा सख्खा भाऊ आहे. तुझ्या पाठीवर बसून शाळेत गेलोय मी.

थोरली : मीही तेच म्हणत होते स्वतःला. खालून वर यायला चौदा पायऱ्या आहेत. तीनदा चढले असेन मनात. एकोणीस वर्षं सगळ्यांना सांगत आले, चूक झाली की माझ्याकडे या, मी आहे. आज माझी झाली तर मला जायला जागा नव्हती. वर आलेच नाही, बाळ्या. तुला घाबरून. मला हसूही आलं त्याचं.

धाकटा : मला नाही येत.

थोरली : तुझं बरोबर होतं एक. मी माणसं मोठी केली नाहीत. मोठी केली असती तर पेटीवालीनं स्वतः वर येऊन सांगितलं असतं, मी घरी जातेय म्हणून. मी तिच्या आणि तुझ्या मध्ये उभी राहिले. आणि बघ मावशींना. माझ्यावरच्या मायेपोटी त्या बाईनं भलतीच फळी सांगितली. ओरडणाऱ्या अप्पांना कुणी असं वाचवायला गेलं नसतं. खरं तरी कळलं असतं.

धाकटा : अप्पांना खरं कळायचं?

थोरली : नाही. त्यांनाही नाही कळायचं. ते घरी गेल्यावर कळायचं, बाकी सगळ्यांना. लिही तू. पाच वाजता द्यायचंय.

धाकटा : काय लिहू?

थोरली : माझं नाव. दुसरा घाणा, मिनिटं चुकीची मोजली, रजिस्टरात खोटं लिहिलं.

धाकटा : लिहिलं. खाली लिहितोय, घाण्याची ओळख असलेले दोरे व्यवस्थापकाने बंद केले होते, ते आजपासून पुन्हा सुरू.

थोरली : आणि नियम?

धाकटा : नियमाचं काय?

थोरली : लपवली तर त्याच दिवशी बाहेर.

धाकटा : तो नियम मी बदलतोय. त्याच्यामुळेच झालं हे सगळं.

थोरली : उद्या बदल. आज आहे.

धाकटा : वेड लागलंय तुला? मी तुला काढू? अप्पांना घरी काय सांगू?

थोरली : माझ्यावर वेळ आली म्हणून आज बदललास, तर खाली काय समजतील? साहेबांची बहीण होती म्हणून. मग तू उद्या कितीही चांगला नियम लाव, तो वशिल्याचा नियम. आणि शेऱ्यांचा नियम वाईट होता, हा तेवढा वाईट नाही. वाफेत खोटं चालत नाही. दोरे गेले, शेरे आले, तू चढून बसलास, सगळं खरं. पण वीस हा आकडा माझ्या हातानं लिहिला. माझा हात नव्हता धरलेला कुणी.

धाकटा : किती दिवस?

थोरली : नियमात दिवस नाहीत. तूच लिहिलास.

धाकटा : आणि इथं? मला एकट्याला इथं कोण काय सांगणार, ताई? तू गेलीस की मला खालचं काहीही कळणार नाही. आज कळलं ते तू होतीस म्हणून.

थोरली : आज कळलं ते सिस्टरनं पट्टी बघितली म्हणून. मी होते तरी सव्वा वाजेपर्यंत तुला काही कळलं नव्हतं. हे लिहून ठेव कुठेतरी.

धाकटा : मला तुझ्यासारखं राबता येत नाही. लोकांच्या सासऱ्यांच्या गोळ्या माझ्या लक्षात राहत नाहीत. मला वेळा लक्षात राहतात. मी तसा आहे.

थोरली : तसाच राहा. गाड्या वेळेवर सुटायला हव्याच आहेत. फक्त कुणी चौदा पायऱ्या चढून आलं, तर पहिल्या वाक्याला रजिस्टर उघडू नकोस. एवढं जमेल?

धाकटा : माहीत नाही.

थोरली : हे बरं. जमेल म्हणाला असतास तर मला काळजी वाटली असती. पेटीच्या किल्ल्या घे. बॉयलरचं पाणी दर घाण्याआधी बघायला सांग, धुलाईवाल्याला येतं ते. मी कधी करू दिलं नाही, म्हणून तो म्हणतो येत नाही. येतं त्याला.

धाकटा : ताई.

थोरली : सही कर आधी. शाई वाळू दे. मग घडी घाल.

धाकटा : ...केली.

थोरली : अक्षर अजून तसंच आहे तुझं. येते मी.

धाकटा : ...कोण आहे? या, मावशी. झालं का बोलणं पेटीवालीशी?

मावशी : झालं. सासऱ्यांचा हात मोडलाय, डोकं वाचलं. ती उद्या येऊ का विचारत होती.

धाकटा : काय सांगितलंत?

मावशी : म्हटलं साहेबांनाच विचार. आता ताई नाहीत मध्ये.

धाकटा : गेली ती?

मावशी : मागच्या दारानं गेल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. सगळ्या कामं सोडून उभ्या होत्या, मीच हाकललं परत. तीनची गाडी भरतेय.

धाकटा : बरं. पेटीवालीला सांगा, सासऱ्यांना बरं वाटेल तेव्हा ये. म्हणजे... नाही, मीच फोन करतो तिला. अजून काही?

मावशी : काही नाही.

धाकटा : मग दारात का उभ्या आहात?

मावशी : एक सांगायचं होतं, साहेब. परवाचं आहे. रागावणार नसाल तर.

धाकटा : रागावेन बहुतेक. तरी सांगा.